झेंडू : नावे अनेक, अर्थ अनेक

दसऱ्याच्या दिवशी आंब्याच्या पानांबरोबर झेंडूची फुले दारावर चढली नाहीत, असे गाव महाराष्ट्रात क्वचितच आढळेल. खंडेनवमीस औजारांच्या पूजेत, दिवाळीस वह्यांच्या पूजेत, लग्नाच्या मांडवात आणि देवाच्या पालखीवर हेच फूल दिसते. इतके हे फूल ओळखीचे झाले आहे की, त्याचे नाव कोठून आले, त्याचा अर्थ काय, हा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही.

वास्तविक पाहता पिकाच्या नावात त्या पिकाचा इतिहास, त्याचे रूप आणि त्याची जातकुळी ही दडलेली असतात. झेंडूच्या बाबतीत तर नावाची चौकशी करणे हे केवळ पंडितांचे काम नव्हे. बी-बियाण्यांच्या दुकानात एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या वनस्पतींचे बी मिळू शकते आणि त्यांपैकी चुकीचे बी घरी आले तर शेतकऱ्याचा दसऱ्याचा हंगाम हातचा जातो. यास्तव या फुलाच्या नावांचा परिचय गावपातळीवरील कार्यकर्त्यांस व शेतकऱ्यांस उपयुक्त ठरेल.

चेंडूसारखे फूल

आपल्या देशातील निरनिराळ्या भाषांतील नावे शेजारी शेजारी मांडून पाहिली म्हणजे एक गोष्ट चटकन ध्यानात येते. हिंदीत या फुलास ‘गेंदा’ म्हणतात आणि ‘गेंद’ म्हणजे चेंडू. संस्कृतातही ‘गेन्दुक’ हा शब्द खेळावयाच्या चेंडूसाठी आहे. बंगालीत ‘गाँदा’ हे हिंदीच्या जवळचेच नाव आढळते. कन्नडात ‘चेंडु हूवु’ म्हणजे सरळसरळ चेंडूफूल. तेलुगूत ‘बंति पुव्वु’ म्हणतात आणि तेथेही ‘बंति’ म्हणजे चेंडूच. मराठीतील ‘झेंडू’ आणि ‘चेंडू’ यांचे उच्चारसाम्य या रांगेत ठेवून पाहण्यासारखे आहे. भाषा वेगळ्या, मुलूख वेगळे. परंतु प्रत्येक ठिकाणच्या माणसाने फुलाकडे पाहून प्रथम जे म्हटले ते एकच : हे फूल चेंडूसारखे गोल आहे.

महाराष्ट्रातही सर्वत्र एकच नाव चालते असे नाही. कोकणपट्टीत पुष्कळ ठिकाणी ‘गोंडा’ किंवा ‘गोंड्याचे फूल’ म्हणतात. टोपीला किंवा शालीच्या टोकाला लावावयाच्या गोंड्याशी त्याचे साम्य आहे, हे उघड आहे. बुटक्या झाडाच्या, लहान, तांबूस-तपकिरी छटेच्या फुलास ‘मखमल’ किंवा ‘मखमली झेंडू’ म्हणतात. त्याच्या पाकळ्यांचा पोत मखमलीच्या कापडासारखा असतो. गोव्याकडे ‘रोजां’ हे नाव ऐकू येते. पोर्तुगीज भाषेत ‘रोझा’ म्हणजे गुलाब, हे या संदर्भात लक्षात घेण्यासारखे आहे.

ही सर्व नावे फुलाच्या नुसत्या रूपावरून पडली आहेत. एखादी वनस्पती परमुलखातून येते तेव्हा तिला जुने नाव नसते. लोक तिला ओळखीच्या वस्तूवरून किंवा ओळखीच्या झाडावरून नाव देतात. तमिळ भाषेतील एक नाव तर ही गोष्ट उघड बोलून दाखविते. तेथे झेंडूस ‘तुलुक्क सामंदि’ असेही म्हणतात. ‘सामंदि’ म्हणजे शेवंती आणि ‘तुलुक्क’ म्हणजे तुर्की. थोडक्यात, परमुलखातील शेवंती. आपणही ‘विलायती चिंच’ हे नाव याच रीतीने दिले आहे. ही चिंच विलायतेची नाही, मेक्सिको व मध्य अमेरिका या भागांतील आहे. आणि झेंडूचे माहेरही तेच आहे.

मराठी बोलीत या फुलाने आणखी एक जागा मिळविली आहे. कामाने दमछाक झालेला माणूस ‘झेंडू फुटला’ असे म्हणतो. आचार्य प्र. के. अत्रे यांनी ‘केशवकुमार’ या नावाने लिहिलेल्या विडंबन-कवितांच्या संग्रहास ‘झेंडूची फुले’ असे नाव दिले, हेही सर्वश्रुत आहे. परदेशातून आलेले फूल भाषेत किती खोल रुजले, त्याची ही साक्ष होय.

वीस, शंभर आणि हजार

मेक्सिकोतील नाहुआट्ल भाषेत झेंडूचे नाव ‘सेंपोवाल्शोचित्ल’ असे आहे. उच्चारास अवघड वाटले तरी त्याची फोड सोपी आहे. ‘सेंपोवाल्ली’ म्हणजे वीस आणि ‘शोचित्ल’ म्हणजे फूल. तेथील लोक विसांनी मोजत असत. त्यामुळे वीस म्हणजे ‘एक पुरी मोजणी’ असा त्या शब्दाचा मूळ अर्थ आहे. आपल्याकडेही वीस नगांना ‘कोडी’ म्हणतात आणि जुनी माणसे वय सांगताना ‘तीन विसा’ असे म्हणत. त्यामुळे हा हिशेब मराठी माणसास परका वाटू नये. ‘वीस-फूल’ याचा भावार्थ पुष्कळ पाकळ्यांचे, भरगच्च फूल असा आहे. इ. स. १५५२ मध्ये मेक्सिकोत तयार झालेल्या औषधी वनस्पतींच्या एका सचित्र हस्तलिखितात या फुलाचा उल्लेख आहे. आजही मेक्सिकोत नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवशी मृत आप्तांच्या स्मरणाचा जो उत्सव होतो, त्यात घरे आणि थडगी झेंडूच्या फुलांनी सजवितात.

मेक्सिकोत वीस, तर इतरत्र ही संख्या वाढत गेलेली दिसते. नेपाळी भाषेत झेंडूस ‘सयपत्री’ म्हणजे शंभर पाकळ्यांचे फूल म्हणतात. फारसीतून उर्दूत आलेल्या ‘सदबर्ग’ या नावाचा अर्थही शंभर पाकळ्यांचे असाच आहे. राजस्थान व गुजरातेकडे ‘हजारा’, ‘हजारी’ अशी नावे आहेत. एकमेकांची भाषा न जाणणाऱ्या लोकांनी एकाच फुलाच्या पाकळ्या मोजावयास घेतल्या आणि प्रत्येकाने आपापल्या परीने ‘पुष्कळ’ असा निर्णय दिला.

हा निर्णय वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेही विचार करण्याजोगा आहे. ज्यास आपण झेंडूचे एक फूल म्हणतो ते वास्तविक एक फूल नसून अनेक लहान फुलांचा गुच्छ असतो. सूर्यफूल आणि शेवंती यांचेही असेच आहे. ही सर्व एकाच कुळातील आहेत. झेंडूची ‘पाकळी’ उपटून पाहावी. तिच्या बुडाशी काळसर, सुईसारखी एक काडी दिसते. ही काडी म्हणजे त्या लहान फुलाचे फळ होय आणि तेच आपण बी म्हणून पेरतो. तेव्हा ‘वीस-फूल’ हे मेक्सिकोतील नाव शब्दशः घेतले तरी चूक नाही : एका बोंडात अनेक फुले असतात.

यातून बी धरणाऱ्या शेतकऱ्यास एक व्यावहारिक धडा मिळतो. झेंडूच्या गुच्छात दोन प्रकारची लहान फुले असतात. बाहेरील, जिभलीसारखी रुंद फुले केवळ स्त्रीकेसर धारण करतात; त्यांत पराग नसतो. मधली, नळीसारखी फुले पराग व स्त्रीकेसर ही दोन्ही धारण करतात. फूल जितके भरगच्च, तितकी त्यात जिभलीची फुले अधिक आणि नळीची कमी. काही अतिशय भरदार फुलांत नळीची फुले जवळजवळ नसतातच. अशा फुलास शेजारच्या झाडावरून मधमाश्यांमार्फत पराग मिळाला नाही तर त्याचे बी पोचट राहते. सबब सर्वांत मोठे व भरदार फूल बियांसाठी राखले तरी त्यापासून उगवणारे बी मिळेलच, असे समजू नये. संकरित वाणाचे बी तर घरी धरूच नये. पुढील पिढीत झाडांची उंची, रंग व फुलांचा आकार सारखा राहत नाही.

नांगराच्या तासातून निघालेला देव

झेंडूचे शास्त्रीय नाव ‘टॅजेटिस’ असे आहे. या नावामागील कथा शेतकऱ्यास विशेष आवडावी अशी आहे. इटलीत रोमन लोकांच्या पूर्वी एट्रस्कन नावाचे लोक राहत असत. त्यांची अशी आख्यायिका होती की, टार्क्विनिया नगराजवळ एक शेतकरी नांगरीत असता त्याचा नांगर नेहमीपेक्षा खोल गेला आणि त्या तासातून एक बालक वर आले. त्याचे रूप मुलाचे, पण ज्ञान वृद्धाचे होते. शेतकऱ्याने आरडाओरडा करताच लोक जमले आणि त्या बालकाने त्यांस शकुन जाणण्याची विद्या शिकविली. या बालदेवतेचे नाव ‘टेजीस’. रोमन लेखक सिसेरो याने ही कथा नमूद करून ठेविली आहे. या टेजीसच्या नावावरून ‘टॅजेटिस’ हे नाव तयार झाले, असे मानतात.

स्वीडनचा शास्त्रज्ञ लिनियस याने १७५३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात झेंडूच्या दोन जातींना नावे दिली : ‘टॅजेटिस इरेक्टा’ आणि ‘टॅजेटिस पॅट्युला’. लॅटिन भाषेत ‘इरेक्टा’ म्हणजे ताठ, उभा वाढणारा. ‘पॅट्युला’ म्हणजे पसरणारा. हे दोन शब्द ध्यानात ठेविले तर शेतकऱ्यास दोन जातींतील मुख्य भेद आपोआप कळतो. पहिला झेंडू सरळ, उंच वाढतो आणि त्याचे फूल मोठे असते. दुसरा बुटका, पसरट असून त्याची फुले लहान पण संख्येने पुष्कळ असतात. आपली ‘मखमल’ ती हीच. काही शास्त्रज्ञ अलीकडे दोहोंना एकाच जातीत धरतात. तथापि लागवडीच्या दृष्टीने हा भेद पाळणे अवश्य आहे.

आफ्रिकन नसलेला ‘आफ्रिकन’

बियांच्या पाकिटावर या दोन जातींची नावे बहुधा ‘आफ्रिकन मेरीगोल्ड’ व ‘फ्रेंच मेरीगोल्ड’ अशी छापलेली असतात. उंच तो आफ्रिकन आणि बुटका तो फ्रेंच. परंतु पहिला आफ्रिकेचा नाही आणि दुसरा फ्रान्सचा नाही. दोन्ही मेक्सिको व मध्य अमेरिकेकडील आहेत. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी मेक्सिको जिंकल्यावर हे बी युरोपात आले. तेथून ते उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेले आणि इतके फैलावले की, पुढे युरोपातील लोकांस ते तेथीलच फूल वाटले. बुटक्या जातीचा फ्रान्समध्ये प्रसार होऊन ती तेथून इंग्लंडात गेली, म्हणून इंग्रजांनी तिला फ्रेंच म्हटले. भारतात हे फूल पोर्तुगीजांमार्फत आले असे सामान्यतः मानतात.

‘मेरीगोल्ड’ या इंग्रजी शब्दाची कथा याहून अधिक घोटाळ्याची आहे. या नावाचा अर्थ ‘मेरीचे सोने’, म्हणजे येशूच्या मातेच्या नावाने ओळखले जाणारे सोनेरी फूल. परंतु हे नाव झेंडूचे नव्हते. युरोपात पूर्वीपासून ‘कॅलेंड्युला’ नावाची एक निराळी वनस्पती बागेत लावीत आणि मेरीगोल्ड हे तिचे नाव होते. ‘कॅलेंड्युला’ हा शब्द महिन्याच्या पहिल्या दिवसाच्या लॅटिन नावावरून आला आहे. ‘कॅलेंडर’ शब्दाचे मूळही तेच. मेक्सिकोचा झेंडू युरोपात आला तेव्हा त्याचा रंग पाहून इंग्रजांनी जुनेच नाव त्यालाही दिले. तेव्हापासून एका नावाखाली दोन वनस्पती नांदत आहेत. इंग्रजीत कॅलेंड्युलास ‘पॉट मेरीगोल्ड’ म्हणून वेगळे दाखवितात. परंतु पाकिटावरील हा बारीक भेद घाईत नजरेतून सुटतो.

नावाची गल्लत आणि शेतकऱ्याचे नुकसान

हा सर्व घोटाळा शेताच्या बांधापर्यंत कसा येतो, ते आता पाहू.

टोमॅटोच्या पिकात फळ पोखरणाऱ्या अळीसाठी झेंडूचे सापळा पीक घेण्याची शिफारस आहे. टोमॅटोच्या १६ ओळींमागे झेंडूची १ ओळ लावतात. झेंडूचे रोप सुमारे ४० ते ४५ दिवसांचे आणि टोमॅटोचे सुमारे २५ दिवसांचे घेऊन दोन्ही एकाच वेळी लावावयाची असतात. त्यायोगे दोहोंचा फुलोरा एका वेळी येतो आणि अळीचा पतंग झेंडूच्या कळ्याफुलांवर अंडी घालण्याकडे वळतो. तेथील अंडी व अळ्या वेचून नष्ट करणे सोपे जाते. या कामासाठी उंच वाढणारा, मोठ्या फुलांचा ‘आफ्रिकन’ झेंडू लागतो. ‘मेरीगोल्ड’ एवढेच पाहून कोणी कॅलेंड्युलाचे पाकीट आणले, तर श्रम व खर्च होऊनही सापळ्याचा हेतू साधत नाही.

सूत्रकृमींच्या बाबतीतही तसेच आहे. मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींचा उपद्रव असलेल्या जमिनीत झेंडूचा फेरपालट उपयोगी पडतो. झेंडूच्या मुळांत सूत्रकृमींना मारक अशी द्रव्ये असतात. त्यांपैकी ‘अल्फा-टरथायनिल’ हे द्रव्य शास्त्रज्ञांनी १९५८ साली ओळखले. हा गुण टॅजेटिस वंशाचा आहे, ‘मेरीगोल्ड’ या नावाचा नव्हे. शिवाय बांधावर चार झाडे लावून हा फायदा मिळत नाही. झेंडू शेतात दाट लावून दोन-तीन महिने उभा ठेवावा लागतो.

उलट बाजूनेही फसगत संभवते. औषधांच्या दुकानात ‘कॅलेंड्युला’ नावाचे मलम मिळते. ते झेंडूचेच असेल या समजुतीने कोणी घरच्या झेंडूची फुले वाटून जखमेवर लावतात किंवा औषधासाठी मागणी येईल या आशेने झेंडू अधिक लावतात. दोन्ही गोष्टी नावाच्या गल्लतीतून होतात. ते मलम ज्या फुलापासून करतात ते फूल झेंडू नव्हे, ही गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे.

तिसरी गल्लत उंच व बुटक्या जातींची. हारांसाठी व तोरणासाठी बाजारात मोठ्या फुलास मागणी असते. उंच जातीसाठी सुमारे ६० × ४५ सेंटिमीटर अंतर ठेवतात, तर मखमलीस सुमारे ३० × ३० सेंटिमीटर पुरते. बी एका जातीचे आणि अंतर दुसऱ्या जातीचे झाले तर एक तर जमीन मोकळी पडते, नाही तर झाडांची दाटी होऊन फुले लहान राहतात. लागवडीनंतर दोन ते अडीच महिन्यांनी, फुले दिसू लागल्यावर ही चूक उघडकीस येते. दसरा त्यासाठी थांबत नाही.

वाणांची नावे वाचावयास शिकावे

वाणाच्या नावातही माहिती असते. ‘पुसा नारंगी’ व ‘पुसा बसंती’ हे दिल्ली येथील भारतीय कृषी अनुसंधान संस्थेचे वाण आहेत. ‘नारंगी’ व ‘बसंती’ हे शब्द फुलाचा रंग सांगतात. ‘पुसा’ हे बिहारमधील गावाचे नाव आहे. ही संस्था १९०५ साली त्या गावी स्थापन झाली. १९३४ च्या भूकंपात तेथील इमारतीची हानी झाल्यामुळे १९३६ साली ती दिल्लीस हलविण्यात आली, परंतु गावाचे नाव वाणांच्या रूपाने टिकून राहिले. हे दोन्ही वाण उंच जातीचे आहेत. त्याच संस्थेचा ‘पुसा अर्पिता’ हा वाण मात्र फ्रेंच म्हणजे बुटक्या जातीचा आहे. तेव्हा ‘पुसा’ हा शब्द पाहून सर्व वाण सारखेच, असे समजणे बरोबर नाही.

बाजारात ‘कलकत्ता झेंडू’ या नावानेही रोपे विकली जातात. हे व्यापारातील नाव आहे. त्यावरून झाडाची उंची, फुलाचा हंगाम किंवा रोप बियांपासून केले की छाट्यांपासून, यांपैकी काहीच निश्चित होत नाही. असे रोप घेताना या तीन गोष्टी विक्रेत्यास विचारून घ्याव्यात आणि पावतीवर वाणाचे पूर्ण नाव लिहून घ्यावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी काय करावे

(१) आपल्या भागात झेंडूस कोणकोणती नावे आहेत, ती वहीत टिपून ठेवावीत. गोंडा, मखमल, रोजां यांपैकी कोणते नाव उंच झाडाचे व कोणते बुटक्या झाडाचे, ते प्रत्यक्ष झाड पाहून नोंदवावे.

(२) शेतकऱ्यास सल्ला देताना नुसते ‘झेंडू लावा’ असे न सांगता उंच की बुटका, हार-तोरणासाठी की सापळ्यासाठी, हे स्पष्ट करावे.

(३) पाकिटावर ‘टॅजेटिस’ हा शब्द आहे की ‘कॅलेंड्युला’, हे आधी पाहावे. त्यानंतर ‘इरेक्टा’ की ‘पॅट्युला’ ते पाहावे.

(४) शाळेतील मुलांकडून झेंडूचे एक फूल सोडवून घ्यावे. त्यात किती लहान फुले निघतात, ती जिभलीची किती व नळीची किती, हे मोजून दाखवावे. बी कोठे असते, हे या रीतीने एकदा पाहिले म्हणजे मुले ते विसरत नाहीत.

(५) बियांसाठी फुले राखताना ती उघड्यावर परागीकरण होणाऱ्या सरळ वाणाची, निरोगी झाडावरील असावीत. फुले झाडावरच पूर्ण वाळू द्यावीत आणि दोन वाणांच्या ओळी जवळजवळ असल्यास त्यांचे बी धरू नये.

मेक्सिकोच्या पावसाळी हंगामानंतर, दिवस लहान होत असता जे फूल तेथील सणासाठी फुलत असे, ते आपल्या पावसाळ्यानंतर दसरा-दिवाळीस फुलते. दोन्हीकडे पावसाचा काळ साधारण सारखा असल्याने हे फूल येथे परके राहिले नाही. लोकांनी त्यास चेंडू म्हटले, गोंडा म्हटले, मखमल म्हटले आणि आपलेसे केले. ही नावे प्रेमाने दिलेली आहेत आणि ती बोलीत तशीच राहावीत. परंतु बी विकत घेण्याच्या वेळी मात्र प्रेमाच्या नावावर न थांबता पाकिटावरील पूर्ण नाव वाचून घेण्याची सवय प्रत्येक शेतकऱ्याने लावून घ्यावी.